कामांची वही

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, सत्कार करायचा ठरला की आधी शालीचा दर निघतो. मग नारळ, मग सन्मानचिन्ह, मग फेटे. फेटे बांधणारा कुठून आणायचा यावर पाव तास जातो. सत्कार नेमका कोणाचा, हा मुद्दा येतो सगळ्यात शेवटी, निम्मे लोक चपला शोधायला लागल्यावर.

गेल्या पावसाळ्यात पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, बैठकीत हेच चाललं होतं. विषयपत्रिकेवर ‘स्वयंसेवकांचा गौरव’ असं लिहिलेलं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. तालुक्याचं ठिकाण, मिशनच्या काळातलं दगडी चर्च, दीडशेच्या आसपास कुटुंबं. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हापासून आम्ही सीएनआयचे, पण म्हातारी माणसं अजून ‘मिशनची मंडळी’च म्हणतात. पगारी माणसं दोनच, पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि चर्चचा शिपाई. बाकी सगळं लोक करतात तसं चालतं.

खजिनदारांनी खिशातून यादी काढली. माजी सेक्रेटरी, माजी खजिनदार, चर्चच्या रंगकामाला देणगी देणारे दोघे, पुण्याचे एक डॉक्टर जे वर्षातून नाताळालाच दिसतात. यादीत एकही बाई नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं नाव घातलं. अध्यक्षीणबाई आल्या तर मग चिटणीसबाई का नाहीत? गायकवर्गाचं काय? पेटीवाल्या मास्तरांना घेतलं तर तबलजी रुसणार. अर्ध्या तासात यादी इतकी वाढली की शालींचा हिशोब खजिनदारांच्या तोंडावर दिसायला लागला. मग उलटं सुरू झालं, नावं खोडायचं. ते त्याहून वाईट, कारण नाव खोडताना प्रत्येक वेळी ‘तसं त्यांनी केलंय तरी काय’ हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर कोणालाच धड देता येत नाही.

पाळकसाहेब इतका वेळ गप्प होते. त्यांनी बायबल उघडून नहेम्याचा तिसरा अध्याय वाचायला घेतला. हा अध्याय सहसा कोणी वाचत नाही. यरुशलेमचा पडलेला कोट कोणी कुठे बांधला याची ती कंटाळवाणी नोंद आहे: या वेशीपासून त्या बुरुजापर्यंत अमक्याने, त्याच्यापुढे तमक्याने. पण त्या दिवशी ऐकताना मजा वाटली. मुख्य याजक वेस बांधतोय, आणखी पुढे सोनार, त्याच्यापुढे अत्तरं करणारा. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलाय. उकिरड्याकडची वेस कोणाच्या वाट्याला आली, तर एका प्रांताच्या अधिकाऱ्याच्या. कित्येकांनी फक्त स्वतःच्या घरासमोरचा तुकडा बांधला, तोही लिहिलाय. आणि तकोवाच्या लोकांनी काम केलं पण त्यांच्या सरदारांनी मान वाकवली नाही, हेही लिहून ठेवलंय. पुढे त्याच तकोवाच्या लोकांनी आणखी एक तुकडा बांधला. सरदारांचं नाव अर्थात पुन्हा नाही. इथे कोणीतरी खाकरलं.

“ही माणसांची यादी नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “ही कोटाची यादी आहे. कोटाच्या कडेकडेनं चालत गेलं की माणसं आपोआप सापडतात. तुम्ही आधी कामं लिहा. नावं मागून येऊ द्या.”

वही माझ्याकडे आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरीपट लिहिण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असली कामं मला न विचारताच मिळतात. सोबत तरुण संघाची एक मुलगी दिली. कॉलेजला जाणारी, भयंकर चौकस. तिचा फार उपयोग झाला, कारण मला जे विचारायला संकोच वाटायचा ते ती सरळ विचारायची.

सुरुवात कुठून करायची? तिनेच सुचवलं की रविवारची उपासना नऊला सुरू होते, आपण तिथून मागं मागं जाऊ. घंटा कोणी वाजवली? माईक कोणी लावला? सतरंज्या कोणी घातल्या, आणि त्याआधी कबुतरांनी केलेली घाण कोणी पुसली? असं करत करत आम्ही शनिवारी दुपारपर्यंत मागं गेलो. मग उपासना संपल्यावर पुढे: चहा कोणी केला, कप कोणी विसळले, अर्पणाचे पैसे कोणी मोजले, चिल्लर बँकेत कोण घेऊन जातं. चिल्लर बँकेत नेणं हे काम आहे हे मला पहिल्यांदा कळलं. जो भाऊ नेतो तो म्हणाला, “ताई, सोमवारी सकाळी दहा रुपयांच्या नाण्यांची पिशवी काउंटरवर ठेवली की कॅशियरचं तोंड बघा एकदा.”

त्यानंतर वर्षाचा फेरा धरला. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, नाताळची घरोघरची गाणी, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना, पुनरुत्थानदिनाची पहाट, उन्हाळ्यातली मुलांची बायबल शाळा, हंगामाचा सण. दर सणामागे दहा-वीस कामं निघाली. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात, एप्रिलचं ऊन, पत्र्याच्या मांडवात बसलेली माणसं. आजवर कोणी भोवळ येऊन पडलं नाही, कारण एक नर्सबाई मागच्या बाकावर मीठ-साखरेच्या पाण्याचा जग आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसतात. त्या दरवर्षी तिथेच बसतात. मला वाटायचं त्यांना मागं बसायला आवडतं.

पहिल्या शनिवारी आम्ही प्रभुभोजनाच्या रसाच्या काकूंकडे गेलो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि तो द्राक्षरस विकतचा नसतो. काकू काळ्या मनुका सकाळी निवडून, दोन पाण्यांनी धुऊन कोमट पाण्यात भिजत घालतात. संध्याकाळी त्या फुगून मऊ होतात, मग हाताने कुस्करायच्या, बियांसकट मंद आचेवर एक उकळी आणायची, निवल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही, पिळलं की रस गढूळ होतो. टांगून ठेवायचं आणि थेंब थेंब गळू द्यायचं. साखर नाही. पावाच्या कडा काढून करंगळीच्या पेराएवढे चौकोनी तुकडे, ते ओल्या फडक्याखाली. रविवारी सगळे घरी जेवायला बसतात तेव्हा काकू चर्चच्या मागच्या मोरीवर ते अंगठ्याएवढे काचेचे पेले धूत असतात. एकेका पेल्यात फडक्याचं टोक पिळून घालायचं आणि फिरवायचं, तेव्हा तो आतून कोरडा होतो. ही रीत त्यांना त्यांच्या सासूने शिकवली. “तुमच्यानंतर कोण?” असं माझ्या सोबतच्या मुलीने विचारलं. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आजवर कोणी विचारलंच नाही गं, कुणी शिकायचंय का म्हणून.”

वहीत मी त्या कामापुढे नाव लिहिलं आणि त्यापुढे आणखी एक रकाना आखला: ‘दुसरं कोणाला येतं?’ हा रकाना पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरला. बहुतेक ओळींमध्ये तो कोरा राहिला.

हे लिहीत असताना चर्चच्या भिंतीकडे मी नव्याने बघायला लागले. आमच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं मांडलं. त्या परंपरेतल्या साहेबांची आणि मडमांची नावं इंग्रजीत कोरलेली आहेत. त्यांनी केलं, त्यांची नावं लागली, तक्रार नाही. पण खेडोपाडी पायी फिरणाऱ्या, बायकांना अक्षर ओळखायला शिकवणाऱ्या ज्या बायबलबाया होत्या त्यांच्यातल्या एकीचीही पाटी नाही. माझी पणजी त्यांच्यातली. तिच्याबद्दल घरात एवढंच माहीत आहे की तिच्या टाचांना कायम भेगा असत. कुठल्या गावी ती काय शिकवत होती, कोणाला शिकवलं, एक ओळ नाही. तेव्हा कोणी वही केली असती तर, असं वाटून गेलं.

वही भरत आली तेव्हा एक गोष्ट उघड दिसायला लागली. अर्ध्याहून जास्त ओळी बायकांच्या होत्या आणि त्यातलं एकही नाव खजिनदारांच्या पहिल्या यादीत नव्हतं. यात खजिनदारांचा खास दोष नाही. ते समोर बसतात, समोरचं त्यांना दिसतं. चहा मागच्या दाराने येतो.

सगळ्यात अनपेक्षित ओळ चर्चच्या आवारात सापडलीच नाही. गायकवर्गातल्या एका बाईंना आम्ही विचारत होतो की सरावाला पडद्याआड कोण काय करतं. त्या मध्येच म्हणाल्या की माझ्या गाण्याचं श्रेय द्यायचं तर शेजारच्या मावशींना द्या. त्यांच्या आईला विसरण्याचा आजार आहे, एकटं सोडता येत नाही. मावशी दर रविवारी उपासनेच्या वेळेत त्यांच्याजवळ येऊन बसतात. स्वतः मावशी त्यामुळे सकाळच्या उपासनेला कधीच येत नाहीत, आणि कमिटीतल्या एकाने त्यांच्याबद्दल ‘हल्ली मंडळीत दिसत नाहीत, थंडावल्यात’ असं माझ्यादेखत म्हटलेलं होतं. मी ती ओळ लिहिली आणि पुढच्या बैठकीत मुद्दाम मोठ्याने वाचली. कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही.

रिक्षावाल्या दादांचंही तसंच. चार म्हाताऱ्या माणसांना ते रविवारी घरून आणतात आणि परत सोडतात, भाडं घेत नाहीत. ते ख्रिस्ती नाहीत. आषाढीला स्वतः दिंडीत जातात, तेव्हा दोन रविवार आधीच सांगून ठेवतात की माझी वाट बघू नका. मंडळीबाहेरच्या माणसाला वहीत घ्यायचं का, यावर वाद होईल असं मला वाटलं होतं. झालाच नाही. उलट खजिनदार म्हणाले, “त्यांचं पहिलं घ्या, माझी आई त्यांच्याच रिक्षात येते.”

वाद झाला तो शिपायावरून. त्याला मानधन मिळतं, म्हणून तो स्वयंसेवक नाही, असं दोघांचं म्हणणं. बोलायला बरोबर. पण वहीत त्याची कामं एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं की झाडणं, घंटा आणि कुलूप एवढ्यासाठी त्याला ठेवलंय. टाकी भरणं, लग्नाच्या आधी रात्रभर मांडवाची राखण, कोणी वारल्यावर घरोघर निरोप, पावसात गळणाऱ्या कौलाखाली बादल्या, हे सगळं तो वरचं करतो. वरच्या कामाला आपण ‘सेवा’ म्हणतो, कारण त्याचे पैसे द्यायचे नसतात. हे मी बैठकीत बोलले आणि थोडी कटुता आली. माझं मत अजून तेच आहे: ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या कामाला स्वयंसेवा म्हणू नये. त्याला शाल देण्याआधी मानधन वाढवा आणि आठवड्याची सुट्टी द्या. वार्षिक सभेत ते थोडं वाढलं, माझ्या मते फारच थोडं. सुट्टी मात्र मिळाली, आणि सोमवारी चर्चचं कुलूप आता आळीपाळीने कमिटीतले लोक उघडतात. पहिल्याच सोमवारी एकजण किल्ली घरी विसरला.

आता गौरव करायचा कसा? तरुण संघाने मोबाईलवर बरंच शोधून आणलं. एकाने सांगितलं की इंग्लंडात पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी राजा स्वतः चर्चमध्ये जाऊन मंडळीची आणि गावाची सेवा केलेल्या वयस्कर स्त्री-पुरुषांना खास पाडलेली नाणी देतो, आणि राजाचं वय जितकं तितके पुरुष नि तितक्या स्त्रिया निवडतात. 2023 मध्ये यॉर्कला 74 आणि 74 होते. पोरांना ही कल्पना फार आवडली. पाळकसाहेबांच्या वयाइतके निवडा म्हणाले. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही माझं वय जाहीर करायला टपलाय. दुसऱ्या एकीने सांगितलं की संयुक्त राष्ट्रांनी 1985 मध्ये 5 डिसेंबर हा स्वयंसेवक दिन ठरवलाय, तो धरू. पण तेव्हा आगमनकाळ, गायकवर्गाचे सराव ऐन भरात, ज्यांचा गौरव करायचा तीच माणसं कामात बुडालेली. शेवटी हंगामाचा सण ठरला. ज्वारी, ऊस, भोपळे, अंडी घेऊन लोक वेदीपुढे येतात तो दिवस. हाताने केलेलं काम त्या दिवशी तसंही पुढे आणतातच.

शाली रद्द झाल्या. त्याऐवजी प्रत्येक कामाबद्दल एक-दोन वाक्यं लिहायची, आणि ती त्या कामाचा ज्याला उपयोग झाला त्याने लिहायची. पाळकसाहेबांनी एकच अट घातली: निःस्वार्थी, मोलाचे, तन-मन-धनाने, सिंहाचा वाटा, हे शब्द वापरायचे नाहीत. माणूस काय करतो एवढंच लिहा. ऐकायला सोपं वाटतं. लोकांचे पहिले कागद आले ते सगळे ‘मोलाचे योगदान’वाले. मी ते परत पाठवायचे आणि खाली लाल पेनाने लिहायचे, ‘म्हणजे काय केलं?’ एका काकांनी मला फोन करून सांगितलं की बाई, मी तुमचा विद्यार्थी नाही. पण दुसऱ्या दिवशी कागद पाठवला, आणि तो फार चांगला होता. त्यांच्या वडिलांची कबर मे महिन्यात खणली गेली होती. “आपल्याकडचा मुरूम उन्हाळ्यात पहारीलाही दाद देत नाही,” त्यांनी लिहिलं होतं. “दोन पोरांनी सकाळी सहा ते अकरा खणलं. त्यांच्या हाताला फोड आले होते. मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.”

माईकवाल्या मुलाबद्दल शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गातल्या, एका पोरीने लिहिलं: “दादा चाकणला कंपनीत शनिवारची पाळी करून एसटीने येतो. माईकची शिट्टी वाजली की सगळे मागे बघतात. वाजत नाही तेव्हा कोणी बघत नाही.”

गायिकाबाईंनी मावशींबद्दल लिहिलेला कागद एवढाच: “रविवारी नऊ ते अकरा त्या माझ्या आईजवळ बसतात. आई त्यांना रोज नवीन नावाने हाक मारते आणि त्या ओ देतात.”

एका माणसाने मात्र नाव द्यायला साफ नकार दिला. त्यांना सगळे आबा म्हणतात. मंडळीत कोणी पुरुष वारला की अंघोळ घालणं, कपडे चढवणं, शवपेटीत नीट ठेवणं हे आबा करतात. बायकांचं दुसऱ्या एक मावशी करतात, त्यांचं नाव घ्यायला त्यांची हरकत नव्हती. मी आणि पाळकसाहेब आबांकडे गेलो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मत्तय सहावा अध्याय सरळ तोंडपाठ काढला: दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. “आणि तुम्ही तर भोंग्यावर सांगणार,” म्हणाले.

पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. ती आज्ञा करणाऱ्याला आहे, स्वतः कर्णा वाजवू नको म्हणून. बघणाऱ्यांनी तोंड शिवून बसावं असं तिथे म्हटलेलं नाही. प्रेषित पौलच बघा ना. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे नुसते सलाम: फीबी ही किंख्रियाच्या मंडळीची सेविका, प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी मान धोक्यात घातली, पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले, रूफाची आई ती माझीही आई. कोणी काय केलं हे लिहून तो सलाम सांगतो. इतकंच काय, ज्याने पत्र हाताने लिहिलं तो तर्तियसही मध्येच स्वतःचा सलाम घालतो.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. “पौलाचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण माझं नाव नको. ज्याला मी अंघोळ घातली त्याच्या पोराला रविवारी चर्चमध्ये बसून पुन्हा ते सगळं आठवायला लावू नका.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. उठताना पाळकसाहेबांनी विचारलं, आबा, तुम्हाला काय लागतं का? तेव्हा आबांनी जणू वाटच बघत असल्यासारखं सांगितलं. कबरस्थानात दिवा नाही, रात्री कबर खणायची तर पोरं मोटारसायकलचा उजेड लावतात. हापशी बंद पडलीय, हात धुवायला पाणी घरून कॅनमध्ये न्यावं लागतं. हातमोजे ते स्वतःच्या पैशाने दवाखान्याशेजारच्या मेडिकलमधून आणतात. इतकी वर्षं हे कमिटीपुढे का आलं नाही? कारण कमिटी कबरस्थानात जाते ती दफनविधीच्या वेळी, चांगल्या कपड्यांत, दिवसाउजेडी.

शालींचे वाचलेले पैसे दिव्यात आणि हापशीत गेले. माझ्या मते संपूर्ण गौरवातला तो सगळ्यात चांगला खर्च. आबांचं नाव वाचलं गेलं नाही. कामही वाचलं नाही, तशीच त्यांची इच्छा होती.

सणाचा दिवस ठीक पार पडला. वाचन उपासनेच्या आतच ठेवलं होतं, मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या जागी, कारण पाळकसाहेबांचं म्हणणं की टाळ्या नकोत, आभारप्रार्थना हवी. प्रत्येक कागद लिहिणाऱ्याने जागेवर उभं राहून वाचायचा आणि मंडळीने ‘देवा, तुझे आभार’ म्हणायचं. रिक्षावाले दादा पहिल्या बाकावर बसले होते, त्यांना प्रत्येक वेळी उभं राहायचं की काय ते कळेना, ते दोन-तीनदा उठले नि बसले. वाचनाला ठरल्यापेक्षा फार वेळ लागला. मागे शिजत असलेला भात करपल्याची खबर आली तेव्हा पाळकसाहेबांनी प्रवचन अर्ध्यावर आणलं, याबद्दलही बऱ्याच जणांनी आभार मानले. मग नेहमीप्रमाणे वेदीपुढे आणलेल्या वस्तूंचा लिलाव. एका कोंबडीवरून दोन चुलत भावांची चढाओढ लागली आणि ती बोकडाच्या भावात गेली. रसाच्या काकूंनी आणलेला भोपळा त्यांनाच कोणीतरी विकत घेऊन परत दिला.

सणानंतर वहीचा खरा उपयोग सुरू झाला. ‘दुसरं कोणाला येतं?’ हा रकाना घेऊन आम्ही पुन्हा बसलो. काकूंकडे आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघीजणी जातात, त्यातली एक ती माझ्यासोबत फिरणारी मुलगी. तिने एकदा फडकं पिळलं, रस गढूळ झाला, काकूंनी तो ओतून पुन्हा भिजवायला लावलं. मावशींची रविवारची पाळी चौघींनी वाटून घेतली, त्यामुळे महिन्यातून तीन रविवार मावशी चर्चला येतात. पेटीवाले मास्तर पेटीची भाती स्वतःच्या खर्चाने बदलून आणत होते, नर्सबाई साखर घरून आणत होत्या, पोरं एसटीचं तिकीट स्वतः काढत होती. अंदाजपत्रकात ‘सेवाखर्च’ अशी नवी ओळ घातली. मास्तरांनी पैसे घ्यायला नकार दिला, मग खजिनदारांनी त्यांच्या नावाची अर्पणाची पावती फाडली आणि हातात ठेवली. ती मात्र त्यांनी घेतली, घडी करून गीतपुस्तकात ठेवली.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. दोन घरं रुसली. एका घराचं म्हणणं, आमच्या आजोबांनी चर्चला जमीन मिळवून दिली, त्यांचं काय? वहीत चालू कामं होती, जुनी नव्हती, हे सांगून पटलं नाही. दुसऱ्या घरच्या सूनबाईंचं नाव वाचताना सासूबाईंचं राहिलं होतं, कारण पोळ्यांचं काम आता सून बघते. सासूबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, सलामाला मान हलवतात फक्त. ते कसं सोडवायचं ते मला अजून उमगलेलं नाही. आजोबांच्या घराला मी सांगितलं की जे आठवतंय ते लिहून द्या, जुन्या कामांची वेगळी वही करू. त्यांनी अजून दिलेलं नाही, पण त्यांच्या धाकट्या मुलाने विचारलं की तुमच्या पणजीचं काही लिहिलंत का. लिहायला घेतलंय. टाचांच्या भेगांपुढे अजून गेलेली नाही.

यंदा वही तरुण संघाकडे दिली आहे. त्यांनी ती मोबाईलवर उतरवली आणि रंग दिले: दोन माणसांना येणारी कामं हिरवी, एकालाच येणारी लाल. लाल अजून पुष्कळ आहेत. आणि चार कामांपुढे या घडीला कोणाचंच नाव नाही. शब्बाथ शाळेतला सगळ्यात लहान वर्ग, कारण शिकवणाऱ्या ताई लग्न होऊन संभाजीनगरला गेल्या. कबरस्थानातल्या नव्या हापशीला ग्रीस घालणं. पत्र्याच्या मांडवाचे नटबोल्ट पावसाळ्याआधी आवळणं. आणि सोमवारची चिल्लर, कारण त्या भावाने हात जोडले. येत्या रविवारी सूचनांमध्ये ही चार कामं वाचणार आहोत. नटबोल्टला माणूस मिळेल, लहान वर्गालाही मिळेल. चिल्लर मात्र बहुधा मलाच न्यावी लागेल.